पाण्याखालचं गाव आणि पाण्यावरची खूण



यंदा कशावर बोलणार, असं आयोजकांनी फोनवर विचारलं तेव्हा आम्ही म्हटलं, तलावात बुडालेल्या भिंतीवर. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग हळूच प्रश्न आला, “सर, विषय तत्त्वज्ञानाचाच आहे ना?” आहे. चाळीस वर्षं वर्गात ज्ञान म्हणजे काय हे शिकवताना आम्ही दोरी आणि साप, धूर आणि अग्नी हीच उदाहरणं फळ्यावर लिहिली. निवृत्तीनंतर वाटायला लागलं की आपल्या जिल्ह्यात याहून चांगलं उदाहरण पडलेलं आहे, आणि ते नुसतं उदाहरण नाही, त्यात माणसाचा जीव आहे.

प्रश्न असा. पाणी वरून सपाट दिसतं. त्याखाली दोन हातांवर एक भिंत आहे. ती एकाला माहीत आहे, दुसऱ्याला नाही. दुसऱ्याची होडी तिकडे चालली आहे आणि पहिला त्या वेळी घरी जेवायला बसला आहे. मग त्याला ठाऊक असलेलं याच्यापर्यंत पोचायचं कसं?

देवगाव रंगारीत बसून तलावाच्या होड्यांचं काय, असं कुणाला वाटेल. आपल्याकडे शिवना टाकळीचा प्रकल्प आहे, पाझर तलाव आहेत. पण आम्ही बोलतोय ते शिवना जिथे जाते तिथलं. आपली शिवना खाली लासूरवरून गंगापूर तालुक्यात उतरते आणि गोदावरीला, म्हणजे आता खरं तर नाथसागराच्या फुगवट्याला मिळते. पैठणच्या जायकवाडी धरणाची पायाभरणी १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली, १९७६ साली इंदिरा गांधींनी त्याचं उद्घाटन केलं. मागे जे पाणी साठलं ते सुमारे ५५ किलोमीटर लांब आणि रुंदीला जास्तीत जास्त २७ किलोमीटर. क्षेत्र साधारण ३५० चौरस किलोमीटर. पसरट आणि उथळ. शंभराच्या वर गावांना त्याची झळ बसली. गावं उठली, पण गाव उठतं म्हणजे माणसं उठतात. भिंती, मोटेच्या विहिरींचे दगडी खांब, पार, चिंचेची खोडं, चावडीचा ओटा, हे सगळं जागेवर राहतं आणि त्यावर पाणी चढतं.

आम्ही नोकरीत असताना एकदा दोन सहकाऱ्यांबरोबर हिवाळ्यातले पक्षी बघायला नाथसागरात गेलो होतो. पत्र्याची होडी, वल्हवणारे एक वयस्कर मामा. किनारा एवढा दूर की नुसती रेघ. गप्पा रंगल्या होत्या आणि खालून कर्र असा आवाज आला. होडी एका अंगाला कलली. आम्ही उभे राहायला लागलो, तसे मामा ओरडले, “सर, हलू नका, बसून ऱ्हा. पाटलाच्या वाड्याची भिंत हाये खाली.” वल्ह्याने रेटून त्यांनी होडी मागे घेतली. मग स्वतःवरच चिडून म्हणाले, “बोलण्याच्या नादात निशाणी चुकली.”

कसली निशाणी, हे आम्ही विचारलं. त्यांनी दाखवलं. एका बाजूला लांबवर देवळाचा कळस, त्याच्या मागे पाण्याची टाकी. या दोन एकमेकांवर आल्या म्हणजे एक रेष झाली. दुसऱ्या बाजूला धरणाची भिंत जिथे संपते ते टोक आणि त्यामागचं एक झाड, ही दुसरी रेष. दोन्ही रेषा जिथे कापतात तिथे पाटलाचा वाडा. तिथून पन्नास हात सरकलं की मोकळं पाणी. दर्यावर्दी लोक जगभर हेच करतात. दोन ठरलेल्या खुणा एका ओळीत आणायच्या आणि त्या ओळीवरून आपली जागा ओळखायची. मामांना ते कुणी शिकवलं नव्हतं. त्यांचं बालपण त्या वाड्याच्या शेजारच्या घरात गेलं होतं, एवढंच.

आता न्यायदर्शनाची भाषा जरा वापरतो, घाबरू नका. नैयायिकांनी ज्ञानाची साधनं चार मानली: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. बुडालेल्या भिंतीपुढे प्रत्यक्ष संपतं. गढूळ पाण्यात हातभर खालचं दिसत नाही. अनुमान थोडं चालतं. वारा असताना एका जागी लाटेची चाल मोडलेली दिसली तर खाली काहीतरी आहे. पाण्याच्या मधोमध बगळा निवांत उभा असेल तर तो काही तरंगत नाहीये, त्याच्या पायाखाली काहीतरी आहे. मामा बगळ्याला फार मानत. पण बगळा उडून जातो, भिंत तिथेच राहते. आणि अंधारात, जोराच्या वाऱ्यात, ऊन डोळ्यावर असताना अनुमानाचा आधार जातो. उरतो शब्द. म्हणजे ज्याला ठाऊक आहे आणि ज्याला आपल्याला फसवायचं नाही, अशा माणसाचं सांगणं. पाण्यावर ठोकलेली खूण म्हणजे असं सांगणं. फक्त बोलणारा तिथे हजर नसतो.

बोलणारा हजर नसला की एक अडचण येते. माणूस चुकीचं बोलला तर आपण उलटून विचारू शकतो. खुणेला विचारता येत नाही. दोर तुटून बोया दोनशे हात वाहून गेला, तरी तो तितक्याच खात्रीने “इथे धोका आहे” म्हणत राहतो. कुणीच खोटं बोललेलं नाही आणि तरी खोटं सांगितलं गेलंय. म्हणून खूण लावणं हे एकदाचं काम नाही. ती दरवर्षी खरी ठेवावी लागते. ज्याला ते जमणार नसेल त्याने ती लावूच नये, इतकं आमचं मत कडक आहे. खूण नसली तर नावाडी जपून जातो. चुकीची खूण असली तर तो विश्वासाने जाऊन आदळतो.

तलावाकाठी खूण नसते, पण फलक असतो. “पाणी खोल आहे. पाण्यात उतरू नये.” अक्षरं निम्मी उडालेली, खाली म्हशी धुणं चाललेलं. या फलकाबद्दल आम्हाला जरा राग आहे. तो लावणाऱ्याची सुटका करतो, वाचणाऱ्याची नाही. सगळीकडे धोका आहे असं सांगणं आणि काहीच न सांगणं यात नावाड्याच्या दृष्टीने फरक नाही, कारण त्याला पाण्यात जायचंच आहे, पोट तिथे आहे. त्याला हवं असतं ते “इथे आहे, तिथे नाही”. खूण धोका दाखवते तेव्हा उरलेलं पाणी मोकळं करून देते.

मग खूण कशी असावी? रंगाऱ्यांच्या नावाच्या गावात रंगाबद्दल बोलायला आम्हाला संकोच वाटतो, पण बोललं पाहिजे. जगात समुद्रावरच्या खुणांची एक पद्धत ठरलेली आहे. चारी बाजूंनी मोकळं पाणी आणि मध्ये एकटाच खडक असेल तर काळ्या खांबावर तांबडे पट्टे आणि माथ्यावर एकावर एक दोन काळे गोळे. रात्री दिवा असेल तर तो पांढरा, दोन-दोनदा लुकलुकणारा. धोका लांबवर पसरलेला असेल तर काळ्या-पिवळ्या रंगाच्या दिशादर्शक खुणा, माथ्यावर दोन शंकू. दोन्ही टोकं वर असतील तर सुरक्षित पाणी खुणेच्या उत्तरेला. दोन्ही खाली असतील तर दक्षिणेला. पूर्वेला दोन्हींचे तळ समोरासमोर, पश्चिमेला दोन्हींची टोकं समोरासमोर. यात गंमत अशी की शंकूंची टोकं खांबाच्या काळ्या भागाकडे बघतात, म्हणजे रंग उडाला तरी आकार सांगतो आणि आकार मोडला तरी रंग सांगतो.

वाटेच्या दोन बाजूंच्या खुणा मात्र तांबड्या आणि हिरव्या. समुद्रातून बंदरात शिरताना भारतात आणि युरोपात तांबडी डावीकडे ठेवायची. अमेरिकेत आणि जपानमध्ये तीच तांबडी उजवीकडे. शब्दाचा आणि अर्थाचा संबंध मुळातलाच, नित्य आहे, असं मीमांसक म्हणतात. तो संकेताने ठरतो, असं नैयायिक म्हणतात. मीमांसकाला मुंबईहून न्यूयॉर्कला जहाज न्यायला सांगावं, वाद मिटेल.

ही एकवाक्यता फार जुनी नाही. १९७६ सालापर्यंत जगात तीसहून अधिक वेगवेगळ्या पद्धती चालू होत्या. १९७१च्या जानेवारीत डोव्हरच्या सामुद्रधुनीत ‘टेक्साको कॅरिबियन’ नावाचं जहाज टक्कर होऊन बुडालं. दुसऱ्याच दिवशी ‘ब्रँडेनबर्ग’ त्याच्या सांगाड्यावर आपटून बुडालं. मग तिथे खुणा लावल्या, दिव्यांची जहाजं उभी केली. तरीही फेब्रुवारीच्या अखेरीला ‘निकी’ तिथेच आपटलं आणि बुडालं. खूण होती, अर्थ पोचला नाही. त्यानंतर सगळे देश शहाणे झाले आणि १९८० साली टोकियोच्या परिषदेत एक पद्धत मान्य झाली. आपल्याकडे मुंबईच्या कुलाब्याच्या टोकाशी समुद्रात पसरलेल्या खडकावर प्राँग्जचा दीपस्तंभ १८७५ पासून उभा आहे. समुद्राच्या खडकांची काळजी घेणारी यंत्रणा आपल्याला अपरिचित नाही.

उलटी बाजूही सांगितली पाहिजे. मालवणला सिंधुदुर्ग पाहिला असेल तुम्ही. १६६४ ते १६६७ या काळात महाराजांनी तो कुरटे बेटावर बांधला. त्या बेटाच्या वाटेवर पाण्याखाली खडक आहेत आणि त्यांच्यामधून जाणारी वाट स्थानिकांनाच ठाऊक होती. तिथे खूण नसणं हीच तटबंदी होती. शत्रू आदळावा म्हणून खडक मुका ठेवायचा. ठीक आहे, ते राजकारण होतं. नाथसागरात कोण शत्रू येणार आहे?

तलावाची खरी अडचण रंगाची नाही, पातळीची आहे. समुद्राला भरती-ओहोटी असते, पण तिचं वेळापत्रक छापून मिळतं. धरणाचं पाणी वर्षभर उतरत जातं. नाथसागर पूर्ण भरला की पातळी १५२२ फूट, हा आकडा मराठवाड्यात शाळकरी पोरालाही पाठ असतो. तिथपासून मृतसाठ्यापर्यंत साधारण अठ्ठावीस फुटांचा उतार. ऑक्टोबरात जी भिंत वीस फूट खाली निरुपद्रवी पडून असते तीच एप्रिलमध्ये होडीच्या तळाशी येते. वर्तमानपत्रात रोज येणारा तो फुटांचा आकडा शेतकरी पाणी-पाळीसाठी वाचतो. नावाड्याने तो कुठल्या भिंती जाग्या झाल्या यासाठी वाचावा. आणि दरसाल नवे धोकेही तयार होतात. पाणी मागे सरलं की उघड्या जमिनीवर गाळपेर होते, कुणी तारेचं कुंपण घालतं, मोटारीचे पाइप पाण्यात खोलवर नेतात, वेडी बाभूळ माजते. पाऊस झाला की हे सगळं तसंच पाण्याखाली जातं.

तरंगता बोया बांधायचा म्हटलं तर हिशेब बघा. दगडाला दोर बांधून वर डबा सोडला. पाणी तीस फूट खोल आणि दोर तेहेतीस फूट. डबा वाऱ्याने सगळ्या बाजूंना साधारण चौदा फूट फिरेल. चालेल. आता पाणी उतरून सहा फुटांवर आलं. दोर तेवढाच. डबा बत्तीस फूट भटकणार. म्हणजे धोका सगळ्यात जवळ येतो तेव्हाच खूण सगळ्यात बेभरवशाची होते. यावर तोडगा असा की दोर डब्याखालच्या कडीतून ओवायचा आणि मोकळ्या टोकाला एक वजन लटकवायचं. पाणी उतरेल तसा सैल दोर ते वजन खाली ओढून घेतं, रहाटासारखं. पण निम्मं पाणी उतरलं की वजनच तळाला टेकतं, पुढे उपयोग नाही.

म्हणून आमचा कौल खांबाला. भिंतीच्या शेजारी पक्का रोवलेला, पूर्ण भरलेल्या पातळीच्याही वर चार-पाच फूट येणारा. माथा जगाच्या संकेतासारखा, काळा-तांबडा आणि दोन गोळ्यांचा. त्याखाली एक युक्ती करता येईल. भिंतीच्या माथ्यापासून वर चार फुटांपर्यंत खांब पांढरा रंगवायचा. पांढरं पाण्याबाहेर दिसतंय तोवर भिंतीवर चार फुटांहून कमी पाणी आहे, वळसा घाला. पांढरं पूर्ण बुडालंय, तर होडी वरून जाईल. वाचता न येणाऱ्यालाही कळेल. फरशी पुलांवर तसे खांब आपण पाहतोच. रात्रीसाठी उसाच्या ट्रॉलीला लावतात ते रेडियम चिकटवायचं, बॅटरीच्या उजेडात चमकतं.

आणि इथे धरण आपल्यावर एक उपकार करतं, जो समुद्र कधी करत नाही. ते स्वतःचा तळ दाखवतं. २०१६ आणि २०१९ च्या उन्हाळ्यात नाथसागर मृतसाठ्याच्याही खाली गेला होता. जुनी गावं वर आली. भीमेवरच्या उजनीत पळसदेवचं मंदिर पाणी ओसरलं की असंच वर येतं, लोक गाड्या काढून बघायला जातात, फोटो काढतात. आम्हीही गेलो आहोत, फोटोही काढले. पण त्या वेळी प्रत्येक भिंत, प्रत्येक विहीर कोरड्यात उभी असते. मोजायला टेप पुरे, खड्डा खणायला पहार पुरे, पाणबुड्या नको की यंत्र नको. शिवाय बाजूला उभं राहून “हा आमचा गोठा, ही चावडी” सांगणारी म्हातारी माणसं अजून आहेत. ती किती उन्हाळे असतील? जायकवाडी भरलं तेव्हा जो दहा वर्षांचा होता तो आज साठीच्या आसपास आहे. मामा तर आता नाहीत. त्यांच्या त्या दोन रेषा आम्हाला आठवतात, पण टाकीशेजारी आता दुसरी टाकी झाली आहे. नेमकी कोणती धरायची, ते आम्हाला सांगता येणार नाही.

उन्हाळ्यात मात्र सगळ्यांच्या डोक्यात टँकर असतात. पाण्यातल्या धोक्याची आठवण पाणी असताना येते आणि तेव्हा हात पोचत नाही.

काम कुणाचं, हा प्रश्न येणारच. पाणी आणि तळ पाटबंधारे महामंडळाचा. मासे मत्स्यव्यवसाय खात्याकडून ठेका घेतलेल्या संस्थांचे. १९८६ पासून पक्षी अभयारण्य, म्हणून पक्षी वनखात्याचे. होडीसाठी १९१७ चा जुना कायदा जाऊन २०२१ चा अंतर्देशीय जलयानांचा कायदा आला आहे. सगळ्यांना आपापला वाटा आहे. भिंत तेवढी कुणाची नाही. जी पाटलाची होती तिचा मोबदला देऊन झाला, आणि मोबदला दिल्यावर वस्तू आपली होते हे सरकारने लक्षात घेतलं तर तिची खूणही त्याचीच ठरते, असा आमचा साधा युक्तिवाद आहे.

हे हौशी नौकाविहाराचं प्रकरण आहे, असं कुणी समजू नये. २१ मे २०२४ ला उजनीत कुगावहून कळाशीकडे निघालेली होडी उलटली, सहा माणसं गेली. ती वादळी वाऱ्याने उलटली, दगडाने नव्हे, तेव्हा तिला आम्ही आमच्या बाजूचा पुरावा म्हणून वापरत नाही. पण ती माणसं तिथे का होती? कारण धरणाने जुना रस्ता बुडवला आणि वळसा लांबचा पडतो. पाणी हाच रस्ता झाला आहे. आणि आपल्याच गंगापूर तालुक्यातलं भिवधानोरा. तिथली मुलं थर्माकोलच्या तराफ्यावर बसून फुगवट्यातून शाळेत जातात, अशी बातमी २०२२ साली आली आणि उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तिची स्वतःहून दखल घेतली. त्यांना पूल हवा, हे उघड आहे. पण पूल होईपर्यंत त्या थर्माकोलखाली काय आहे, हे त्या पोरांना कोण सांगणार? थर्माकोलला बाभळीचा एक बुंधा पुरतो. रस्त्यावर खड्डा पडला तर पोरं त्यात झाडाची फांदी खोचून ठेवतात, मागच्या सायकलवाल्यासाठी. ती फांदी कुणाच्या खात्यात येते?

(व्याख्यानानंतर श्रोत्यांमधून एका मच्छीमार गृहस्थांनी दोन शंका विचारल्या: खांब रोवला तर जाळी त्यात अडकतील, आणि लोखंड असेल तर आठवड्यात भंगारात जाईल.)

दोन्ही शंका खऱ्या आहेत, आणि आमच्या लक्षात दुसरी आली होती, पहिली नव्हती. लोखंडाऐवजी बोअरच्या जाड प्लॅस्टिकच्या पाइपात काँक्रीट भरलं तर भंगारवाला घेणार नाही. आतली सळई लोखंडाचीच राहील, पण ती काढायला मेहनत किंमतीपेक्षा जास्त लागेल. जाळ्याचं म्हणाल, तर भिंत तिथे आहे तोवर जाळं तसंही फाटतच असणार. आपण म्हणता ते हो? मग निदान कुठे फाटतंय ते दिसेल. पण खांबाला खिळे-आकडे नसावेत, अंग गुळगुळीत असावं, हे तुमचं बरोबर. दादा, तुम्ही कार्यक्रमानंतर थांबा. तुमच्या भागात अशा किती जागा आहेत, ते वहीत लिहून घेऊ. कळस कोणता, टाकी कोणती, सगळं.